तीन नंबरची विचारपूस

तुरुंगात त्याला सगळे वैद्य म्हणायचे. हे नाव त्याच्या दादानेच पाडलेलं. दादा त्याच तुरुंगात शिपाई, तीन नंबरच्या बराकीवर. आणि हा धाकटा वर टॉवरच्या खोलीत बसून दिवसभर राउटरांच्या नाड्या तपासणारा. "आमच्या वैद्याचा पेशंट कधी खोकत नाही," दादा चारचौघांत सांगायचा, "तरी हा पठ्ठ्या मनगट सोडत नाही." त्यावर लंबू खो खो हसायचा. लंबू म्हणजे दादाचा जोडीदार शिपाई. सव्वासहा फूट उंच, प्रत्येक दारातून वाकून शिरायचा आणि तरीही आठवड्यातून एकदा कपाळाला टेंगूळ आणायचाच.

वैद्याचं काम तसं साधं. प्रत्येक बराकीत भिंतीवरच्या लोखंडी पेटीत एक राउटर. बराकीतले कॅमेरे, बोलायचे भोंगे, विजेवर सरकणारी पोलादी दारं, या सगळ्यांचे निरोप त्याच्यातूनच ये-जा करणार. टॉवरमधला प्रोग्राम दर पाच मिनिटांनी एकेका राउटरला विचारायचा: बाबा रे, प्रोसेसर किती राबतोय, मेमरी किती भरलीय? राउटर आकडे पाठवायचा आणि पडद्यावर दोन रेघा पुढे सरकायच्या. निळी प्रोसेसरची, केशरी मेमरीची. सत्तरच्या वर गेलं की चौकट पिवळी, नव्वदच्या वर लाल. या सगळ्याला त्या खोलीत 'विचारपूस' म्हणत.

आणि विचारपुशीचा एक नियम होता. राउटरला उत्तर द्यायलाही प्रोसेसरच लागतो. आधीच घाईत असलेल्या माणसाला दर मिनिटाला "कसा आहेस?" विचारलं, तर तो काम करील की उत्तरं देत बसेल? म्हणून विचारपूस बेताने करायची. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. वैद्याने स्वतः दोन जणांना हे शिकवलं होतं, तेही चांगला दम भरून. असा माणूस ही गोष्ट विसरेल असं कोणाला सांगून पटलं नसतं. पण विसरला तो. कसा विसरला ते ऐका.

तीन नंबरच्या बराकीत दोन दिवस पाणी नव्हतं. पंप बिघडलेला, दुरुस्ती आज होईल, उद्या होईल. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजणीसाठी कैद्यांना रांगेत उभं केलं, तेव्हा एकाने रिकामी बादली आपटली. एका शिपायाने त्याच्या कानाखाली काढली. तो कैदी तोल जाऊन पडला आणि त्याचं डोकं नळाच्या कट्ट्यावर आपटलं. नळाला पाणी नव्हतं, पण कट्टा लाल झाला. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पुढच्या दोन मिनिटांत बराक पेटली.

वैद्याने सगळं पडद्यावर पाहिलं. बाकी शिपाई अंगणाच्या दाराने बाहेर निसटले. ज्याने कानाखाली मारली होती तो तर सगळ्यांत आधी. दादा आणि लंबू मात्र आतल्या बाजूला होते, त्यांची वाट तुटली. दोघे लांब बोळातून मागच्या दाराकडे धावले. वाटेत जाळीचं फाटक होतं, ते त्यांनी ओढून घेतलं आणि कुलूप घातलं. आता पुढे बंद पोलादी दार, मागे जाळी, आणि जाळीपलीकडे ऐंशी माणसं. त्यांनी खाटांचे लोखंडी पाय उपटले होते. जाळीवर पहिला घाव बसला तेव्हा कॅमेरासुद्धा हादरला.

ते पोलादी दार आतून उघडत नसे. मुद्दामच तसं केलेलं, कैद्यांच्या हाती किल्ली लागू नये म्हणून. ते उघडणार फक्त टॉवरमधून, आणि टॉवरचा निरोप जाणार तीन नंबरच्या राउटरमधून. बाहेरच्या अंगाला हाताने फिरवायचं एक चाक होतं म्हणा, पण त्यावर दरवर्षी रंगाचे थर चढवले गेले होते आणि खाली गंज. वर्षानुवर्षं ते कोणी फिरवून पाहिलं नव्हतं. काय म्हणावं अशा लोकांना!

"उघडू का?" वैद्याने विचारलं. त्याचा हात बटणावर होता.

"हात काढ," मागे येऊन उभ्या राहिलेल्या जेलरबाई म्हणाल्या. बाईंचा आवाज चढला नव्हता, पण मानेची शीर टरारली होती. "जाळी तुटली आणि दार उघडं असलं, तर ऐंशी जण थेट मुख्य इमारतीत. आधी बाहेर तुकडी उभी राहू दे. दहा मिनिटं जाळी टिकेल."

"आणि नाही टिकली तर?"

"तुझा भाऊ आहे आत, ठाऊक आहे मला. हात काढ. आणि तीन नंबरचे सगळे कॅमेरे पूर्ण ताकदीवर टाक, मला तोंडं ओळखू यायला हवीत."

त्याने कॅमेरे वाढवले. तीन नंबरचा राउटर तुरुंगातला सगळ्यांत जुना, मेमरी जेमतेम. निळी रेघ चाळिसावरून एकाहत्तरावर गेली आणि चौकट पिवळी झाली. एकाहत्तराने राउटर मरत नाही. एरवी वैद्याने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी. तुरुंगावरून धूर निघतोय हे गावभर झालं होतं.

"भाऊजी, हे कुठे आहेत?"

"दिसतोय मला दादा. ठीक आहे तो."

"डोळ्यांआड होऊ देऊ नका हो त्यांना. तुम्हाला माझी शपथ आहे. क्षणभरसुद्धा!"

"नाही होऊ देणार," म्हणाला हा, आणि फोन ठेवला.

पडद्यावर दादा पोलादी दारावर मुठी आपटत होता. लंबू जाळीला पाठ लावून उभा होता, आपल्या सगळ्या वजनाने फाटक दाबून धरत. जाळीतून एक लोखंडी पाय आत घुसला आणि त्याच्या बरगडीत बसला. लंबू वाकला, पण हलला नाही. दुसरा घाव खांद्यावर. त्याचा शर्ट फाटला आणि खालचं मांस उघडं पडलं. दादाने कमरेचा पट्टा काढून जाळीतून आलेल्या एका हाताला गुंडाळला आणि असा पिळला, की कोपर उलटं वळलं. आवाज नव्हता त्या चित्राला. बरंच होतं.

वैद्याची पाचावर धारण बसली. राउटर गेला तर दार गेलं, आणि दार गेलं तर दादा गेला, एवढंच त्याच्या डोक्यात घुमायला लागलं. पाच मिनिटांनी एकदा सरकणारी ती रेघ त्याला मेल्यासारखी वाटली. मागचा ठिपका दहा पंचेचाळीसचा. मधल्या वेळात काय झालं असेल कोणास ठाऊक! त्याने विचारपूस पाच मिनिटांवरून एका सेकंदावर आणली. रेघ जिवंत झाली, टुणटुण पुढे पळायला लागली. त्याला बरं वाटलं. मग त्याने दुसरी खिडकी उघडली: राउटरच्या पोटात कोणकोणती कामं चाललीत, कोण किती प्रोसेसर खातंय याची पूर्ण यादी, तीही दर सेकंदाला. मग शेजारच्या मशीनवरून तिसरी.

निळी रेघ चौऱ्याऐंशीवर गेली. मग त्र्याण्णव. चौकट लाल झाली आणि भोंगा ओरडायला लागला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पेटी फोडत असतील हरामखोर," वैद्य दातओठ खात म्हणाला. "नाहीतर पेटवली असेल." आणि त्याने काय केलं? अजून विचारलं. आख्खी यादी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पुन्हा पुन्हा. मरणाऱ्याच्या उशाशी बसून त्याला गदागदा हलवावं, तसं. नव्याण्णव. मेमरीही शहाण्णवावर, कारण न दिलेली उत्तरं आत साचत चालली होती. कॅमेऱ्याचं चित्र अडखळलं आणि थिजलं. दादाची मूठ दारापाशी हवेतच राहिली.

दहा बावन्नला तुकडी दाराबाहेर उभी राहिली. ढाली, काठ्या, शिरस्त्राणं. बाई म्हणाल्या, "उघड!"

त्याने बटण दाबलं. काहीच नाही. दारासमोरची खूण लालची लालच.

"उघड म्हणतेय ना!"

"दाबतोय! दाबलंय मी!"

वायरलेसवर तुकडीचा नाईक ओरडत होता, "दार हलत नाहीये. आतून आवाज येतायत. दार उघडा!" मागे चार माणसांचं कण्हणं ऐकू येत होतं. चौघे त्या गंजक्या चाकाला लोंबकळले होते. आणि त्याच्याही मागे, पोलादाच्या पलीकडून, कोणीतरी किंचाळत होतं. माणूस किंचाळताना सगळ्यांचा आवाज सारखाच होतो, सख्ख्या भावालाही ओळखू येत नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली. वैद्य शिव्या देत होता, रडत होता आणि विचारत होता. कसा आहेस, कसा आहेस, कसा आहेस. तिसरं मिनिट संपता संपता एक यादी अडखळत पडद्यावर उतरली. सगळ्यांत वर कोणतं काम असावं? कॅमेऱ्यांचं? नाही. दारांचं? नाही. एरवी तळाशी दोन टक्क्यांवर पडून असलेलं काम वर बसलं होतं, चौसष्ट टक्के घेऊन. विचारपुशीला उत्तर देण्याचं काम.

ती ओळ त्याने दोनदा वाचली. मग त्याला कळलं. पेटी कोणी फोडली नव्हती. तिकडे दार उघडायचा निरोप रांगेत ताटकळत होता, आणि म्हातारा राउटर इमानेइतबारे वैद्याला सांगत बसला होता की मला बरं वाटत नाहीये.

तो उठला, आणि विचारपुशीचा प्रोग्राम ज्या मशीनवर चालायचा तिच्या आणि शेजारच्या मशीनच्या मागच्या सगळ्या तारा मुठीत धरून त्याने हिसडा मारला. खोलीतले सगळे पडदे एकदम काळे झाले. सगळ्या बराकी, सगळ्या रेघा, सगळं गेलं.

"काय केलंस, मूर्खा!" बाईंनी त्याची मान धरली आणि त्याचं डोकं टेबलावर आदळलं. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. "आंधळं केलंस मला!" दाराच्या बटणाची तार वेगळी, ती शाबूत होती. बाईंच्या हाताखालून त्याने हात लांबवला आणि चाचपडत बटण दाबलं, एकदाच. दिसत काहीच नव्हतं. त्याने डोळे मिटून घेतले.

वायरलेस खरखरला. "हललं! दार हललं!"

तो जिना उतरला की गडगडला, त्याला सांगता येणार नाही. खाली पोचला तेव्हा तुकडी आत घुसली होती. जाळी मधोमध फाटून आतल्या बाजूला वाकली होती. दादाला दोघांनी काखेत धरून बाहेर ओढलं. त्याचा खालचा जबडा एका बाजूला सरकला होता, तोंड मिटत नव्हतं, आणि त्यातून रक्त आणि दात ओघळत होते. पण डोळे उघडे होते. जिवंत होता दादा.

लंबू जाळीपाशीच होता. शेवटपर्यंत त्याने पाठ काढली नव्हती. फाटक तुटलं तेव्हा तो त्याच्यासकट खाली आला, आणि मग खाटांच्या पायांनी त्याच्या डोक्याचं जे केलं ते सांगवत नाही. एवढा उंच माणूस, आणि दुमडून बोळाच्या एका कोपऱ्यात मावला होता.

बोळात काठ्या चालू होत्या. ढालींवर लोखंड आपटत होतं, कोणी पाया पडत होतं, कोणी चावत होतं. एक कैदी भिंतीला टेकून, हात वर करून बसला होता. "मी नाही, मी नाही," म्हणत होता. त्याच्या पायाशी खाटेचा एक लोखंडी पाय पडला होता. वैद्याने तो उचलला आणि त्याच्या हातांवर घातला. बोटं मोडल्याचं ऐकू आलं. पुन्हा घातला. त्याच्या मनगटावर, गुडघ्यावर, जिथे बसेल तिथे. "तू केलंस! तू केलंस हे!" तो ओरडत होता. आणि ओरडताना त्याला पक्कं ठाऊक होतं की आपण खोटं बोलतोय. म्हणून तर तो अजून जोरात मारत होता. शेवटी तुकडीच्या नाइकाने त्याला कमरेला विळखा घालून उचललं आणि बाहेर आणून टाकलं.

तीन दिवसांनी अहवाल आला. कैद्यांनी केलेल्या नासधुशीमुळे तीन नंबरचा राउटर निकामी झाला. टॉवरमधील कर्मचाऱ्याने प्रसंगावधान राखून दार उघडले, त्यामुळे एका शिपायाचे प्राण वाचले. जेलरबाईंनी स्वतः येऊन त्याच्या सुजलेल्या नाकाबद्दल माफी मागितली. इस्पितळात वहिनीने सगळ्यांदेखत त्याचे पाय धरले. "भाऊजी, माझं कुंकू राखलंत तुम्ही." त्याने पाय असे झटकन मागे घेतले, की खुर्ची पडली.

चौथ्या दिवशी वहिनी आंघोळीला घरी गेली, तेव्हा त्याने दादाला सगळं सांगितलं. पाच मिनिटांची एका सेकंदावर आणलेली विचारपूस, तीन खिडक्या, चौसष्ट टक्के. दादाचा जबडा तारांनी बांधलेला, बोलणं बंद. तो ऐकत होता. सांगून झालं तेव्हा त्याने धाकट्याला बोटाने जवळ बोलावलं. हा वाकला. दादाने उजव्या हाताने त्याच्या तोंडावर अशी लगावली, की सलाइनची सुई निसटून चादरभर रक्त उडालं. मग पुन्हा लगावली. मग त्याची कॉलर धरून त्याला छातीशी ओढलं आणि तसंच धरून ठेवलं. दोघेही रडले, एकाला तर तोंड उघडून रडताही येत नव्हतं.

मग दादाने उशाची वही घेतली आणि लिहिलं: लंबूच्या बायकोला सांगितलंस?

वैद्याने मान हलवली. नाही.

दादाने त्याच शब्दांखाली दोनदा रेघ मारली.

लंबूची बायको शाळेत गणित शिकवायची. दार तिनेच उघडलं. घरात माणसं येऊन गेल्याच्या खुणा होत्या, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, रिकामे कप. आतल्या खोलीत लंबूची आई झोपली होती. "या, बसा," ती म्हणाली. "तुमच्या दादांना कसं आहे?"

"बरं आहे." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. ते पडदे काळे होण्याआधी प्रोग्रामने जे टिपून ठेवलं होतं आणि नंतर राउटरने स्वतःच्या नोंदीतून जे दिलं होतं, ते जोडून त्याने आलेख छापला होता. "मला तुम्हाला एक सांगायचंय. अहवालात लिहिलंय ते खरं नाही. राउटर कैद्यांनी नाही बंद पाडला. मी पाडला."

तो सांगत गेला. सांगून झाल्यावर तिने कागद ओढून घेतला आणि खिडकीपाशी नेला.

"आडवी रेघ वेळेची?"

"हो."

"आणि उभी टक्क्यांची." तिने बोट टेकवलं. "इथून तू विचारायला लागलास." मघाचं 'तुम्ही' गेलं होतं. "इथे बाईंनी उघड म्हणून सांगितलं. दहा बावन्न. आणि दार उघडलं दहा छप्पन्नला."

"हो."

"जाळी कधी तुटली?"

त्याला उत्तर द्यायचं नव्हतं, पण त्यासाठीच तर तो आला होता. "तुकडीच्या नाइकाने आवाज ऐकला तो दहा चौपन्नला."

ती चौपन्नवर बोट ठेवून उभी राहिली. रेघ तिथे माथ्यावर सपाट होती, नव्याण्णवावर. मग बोट हळूहळू उजवीकडे सरकलं. "आणि इथून पुढे?"

"तिथे मी विचारणं थांबवलं. तिथून रेघ खाली येते. ऐंशी, एकाहत्तर. तिथून पुढे सगळं नीट चालतं."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. उंच नवऱ्याशी टाचा उंचावून बोलायची सवय असलेली बाई, तिचा हात त्याच्या कानशिलावर वरून आला. मग पाठीत, डोक्यात, हाताला लागेल तिथे. तो उभा राहिला. एक कप टेबलावरून पडून फुटला. आतून सासूने विचारलं, "कोण आहे गं?"

"कोणी नाही, आई. कप पडला." तिने तोंडावर पदर घट्ट दाबून श्वास घेतला, आणि वाकून काचा वेचायला लागली. तो मदतीला खाली बसला, तसा तिने त्याचा हात झटकून टाकला.

सगळ्या काचा वेचून झाल्यावर ती उठली. कागदाची घडी घालून तिने तो स्वतःजवळ ठेवला.

"उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "आईंना तूच सांगायचं. त्यांना या रेघाबिघा कळत नाहीत. नीट शब्दांत सांग."